कल्हईचा पांढरा धूर, नवसागर आणि एन्ट्रॉपी

माजघर

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबणार आहे पण मला खरंच नीट समजून घ्यायचंय म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दिवाळीच्या आधी आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळ्या जागेत कल्हईवाले चाचा येऊन बसतात, वर्षातून एकदाच, त्यामुळे सासूबाईंची सगळी पितळी पातेली त्या दिवशी खाली जातात. यंदा मुलगी पण बरोबर आली होती, बारावी सायन्सला आहे. चाचांनी पातेलं निखाऱ्यावर धरलं, हाताने फिरवायच्या पंख्याने वारा घातला, भांडं तापलं तशी नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने आतून घासलं, भसकन पांढरा धूर आला, मग कथिलाची कांडी टेकवली, ती वितळली, परत बोळा फिरवला आणि पातेलं आतून चांदीसारखं झालं. मी लहानपणापासून बघतेय तरी दरवेळी थांबून बघावंसं वाटतं.

मुलीने विचारलं, हा धूर कशाचा, काय जळतंय? मी बीएस्सी केमिस्ट्री, २००१ ची. म्हटलं काही जळत नाहीये, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, तापलं की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू होतात. ती म्हणाली ते दोन्ही तर रंगहीन, मग पांढरं काय दिसतंय? मी म्हटलं वर हवेत गार झाले की दोघं परत एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात, ते पांढरे दिसतात. यावर ती जे बोलली त्याच्यासाठी हा धागा काढलाय. म्हणाली, "म्हणजे एकच रिअ‍ॅक्शन भांड्यात उजवीकडे जाते आणि वीतभर वर डावीकडे येते? मग ती फिजिबल आहे की नाहीये?"

घरी येऊन आम्ही दोघी गणित करायला बसलो. डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस (एच म्हणजे उष्णतेतला बदल, एस म्हणजे एन्ट्रॉपीतला, टी केल्विनमधलं तापमान; डेल्टा जी निगेटिव्ह आला तर ती फिजिबल, म्हणजे आपोआप होऊ शकणारी). पुस्तकातल्या आकड्यांवरून नवसागर फुटायला मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) १७६ किलोज्यूल उष्णता लागते (डेल्टा एच +१७६) आणि एन्ट्रॉपी २८५ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. डेल्टा जी शून्य कधी होईल तर १७६ भागिले २८५. तिने उत्तर काढलं ०.६१७ केल्विन!! म्हणजे नवसागर जवळपास निरपेक्ष शून्यालाच फुटायला हवा आणि डब्यात राहायलाच नको. चूक मला सापडली, एक आकडा किलोज्यूलमध्ये आणि एक ज्यूलमध्ये, बरोबर उत्तर ६१७-६१८ केल्विन म्हणजे साधारण ३४५ अंश सेल्सिअस. गणित सुटलं पण तिचा मूळ प्रश्न तसाच आहे आणि खरं सांगायचं तर मलाही तो कधी पडला नव्हता, आम्ही सूत्र पाठ करून पास झालो. जाणकारांनी कृपया लिहा.

गडवाट

सुंदर विषय. कल्हईवाले आमच्याकडे आता येतच नाहीत. वाचतोय.

प्रश्नांकित

मी पण बारावीलाच आहे. आमच्या क्लासमध्ये सांगितलं की एन्ट्रॉपी म्हणजे डिसऑर्डर, खोलीतला पसारा आपोआप वाढतो तसं. मग धुराचे कण परत घट्ट होतात म्हणजे पसारा आपोआप आवरला गेला ना? हे नियमाच्या विरुद्ध नाही का?

खडू_फळा

माजघरताई, तुमच्या लेकीने योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. ३१ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत विचारणारी मुलं फार थोडी भेटली. तिला माझा आशीर्वाद सांगा.

आधी पसाऱ्याचं बोलू कारण प्रश्नांकितने ते काढलंच आहे. मी स्वतः पहिली दहा-बारा वर्षं पसारा असंच शिकवायचो आणि नंतर सोडून दिलं, कारण पसारा म्हटलं की मुलं डोळ्याला काय दिसतं त्यावर जातात, आणि इथे डोळ्याला दिसण्याचा काही संबंध नाही. एन्ट्रॉपी म्हणजे कणांना आणि त्यांच्या ऊर्जेला मांडून बसायला किती वेगवेगळ्या पद्धती उपलब्ध आहेत त्याचं माप. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांचं सूत्र तेच सांगतं, व्हिएन्नाला त्यांच्या समाधीवर ते कोरलेलं आहे.

आता नवसागराचंच बघा. एक मोल म्हणजे साडेत्रेपन्न ग्रॅम. घन असताना तो जेमतेम ३५ मिलिलिटर जागा घेतो, म्हणजे चहाचा अर्धा कपही नाही. त्यात प्रत्येक अमोनियम आयन आपल्या जागी बांधलेला, थरथरेल पण सोडून जाणार नाही. तोच ३४० अंशाला पूर्ण फुटला की एकाचे दोन मोल वायू होतात आणि त्यांना साधारण १०० लिटर जागा लागते, मोठं पिंप म्हणा. अर्ध्या कपातून पिंपात! प्रत्येक रेणू कुठेही असू शकतो, कुठल्याही वेगाने पळू शकतो, गिरक्या घेऊ शकतो. मांडणीच्या पद्धती किती वाढल्या ते मोजायला माणसाकडे आकडे पुरत नाहीत, म्हणून त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा. २८५ हा आकडा तिथून येतो.

पण ही फक्त नवसागराची बाजू झाली. नियम काय सांगतो? एकूण एन्ट्रॉपी वाढली पाहिजे, *एकूण*, म्हणजे नवसागराची अधिक आजूबाजूच्या जगाची. आणि आजूबाजूच्या जगाला जे मिळतं ते उष्णतेच्या रूपात मिळतं. १७६ किलोज्यूल उष्णता हवेत गेली तर हवेची एन्ट्रॉपी किती वाढेल? उष्णता भागिले तापमान. इथेच सगळी गंमत आहे, तापमान छेदात आहे.

मी वर्गात विहिरीचं उदाहरण द्यायचो. मे महिन्यात कोरड्या विहिरीत एक टँकर सोडला तर अख्ख्या वाडीला त्याचं मोल. तोच टँकर ऑगस्टमध्ये तुडुंब विहिरीत सोडा, कुणाला कळणारही नाही. पाणी तेवढंच आहे. तशी तेवढीच उष्णता गार परिसराला दिली तर त्याच्या लेखी ती फार मोठी, आणि आधीच तापलेल्या परिसराला दिली तर किरकोळ.

आता आकडे घाला. वर हवेत, २५ अंश म्हणजे २९८ केल्विन. दोन वायू एकत्र येऊन घन झाले, त्यांची एन्ट्रॉपी २८५ ने *कमी* झाली. पण १७६ किलोज्यूल बाहेर पडले, १७६००० भागिले २९८ म्हणजे परिसराची ५९० ने वाढली. निव्वळ ३०५ ची वाढ. म्हणून धूर होतो. प्रश्नांकित, आवरला गेलेला पसारा नियमाच्या विरुद्ध नाही तो यामुळे, त्याची किंमत हवेने चुकती केली.

खाली तापलेल्या भांड्यात ६१८ केल्विनला काय होतं? १७६००० भागिले ६१८, बरोबर २८५. काट्याची दोन्ही पारडी समान. त्याच्या वर तापमान नेलंत की परिसराचं नुकसान २८५ पेक्षा कमी आणि नवसागराचा फायदा तेवढाच, त्यामुळे फुटणं जिंकतं.

डेल्टा जी म्हणजे वेगळं काही नाही हो. हाच हिशोब, फक्त अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांनी तो अशा रीतीने मांडला की परिसराकडे बघायलाच नको, भांड्यातल्या वस्तूचे दोन आकडे आणि तापमान पुरे. त्यांचं ते मोठं काम १८७६ ते १८७८ मध्ये छापून आलं.

माजघर

सर, टँकरचं उदाहरण वाचून दोघी दोन मिनिटं गप्प बसलो. इतकी वर्षं टी डेल्टा एस मधला टी कशाला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

पण एक शंका आहे. आपलं उत्तर ३४५ आलं, पुस्तकात नवसागर ३३८ ला उडून जातो असं दिलंय, तेवढा फरक चालेल. पण चाचा भांडं ३३८ पर्यंत तापवतात का? कथील तर २३२ लाच वितळतं आणि चाचा म्हणतात भांडं फार तापलं तर कल्हई काळी पडते. म्हणजे भांडं २५० च्या आसपास असणार असं मला वाटतं. मग २५० ला डेल्टा जी पॉझिटिव्ह, रिअ‍ॅक्शन नॉन-फिजिबल, आणि धूर तर डोळ्यासमोर दिसतोय!

प्रश्नांकित

हो हे भारी आहे. आमच्या पुस्तकात सरळ लिहिलंय डेल्टा जी पॉझिटिव्ह असेल तर रिअ‍ॅक्शन होत नाही.

तिसरी_पाळी

खत कारखान्यात अमोनिया प्लांटवर २६ वर्षं काढली, आता निवृत्त. नवसागरावर माझा अधिकार नाही पण ताईंच्या या शंकेवर बोलतो कारण आमचा अख्खा प्लांटच या शंकेवर उभा होता.

"होते" आणि "होत नाही" असा तो दिव्याचा खटका नाहीये. पुस्तकातला जो डेल्टा जी आपण काढतो तो प्रमाण परिस्थितीचा असतो, म्हणजे सगळे वायू एकेक बार (जवळपास एक वातावरण) दाबाला आहेत असं धरून. पॉझिटिव्ह आला म्हणजे एक बार दाबापर्यंत वायू तयार होणार नाही, एवढंच. थोडासा दाब होईपर्यंत तयार होऊ शकतोच ना. किती ते समतोल स्थिरांक (दोन्ही दिशा बरोबरीत आल्यावर किती वायू असेल ते सांगणारा आकडा) सांगतो. नवसागराचे मोजलेले आकडे आमच्या जुन्या हँडबुकात आहेत, बघून लिहितो: २४५ अंशाला एकूण दाब ४० मिलिमीटर पारा, २७१ ला १००, ३१६ ला ४०० आणि ३३८ ला ७६०, म्हणजे पूर्ण एक वातावरण. तर चाचांच्या भांड्यात २४५ ला पाच टक्के वातावरण एवढा वायू निघायला तयार आहे, आणि भांडं उघडं, पंख्याचा वारा चालू, निघालेला वायू उडून जातो, दाब पाच टक्क्यांपर्यंत कधी पोचतच नाही, म्हणून परत निघतो, परत उडतो. उघड्यावर वाळत घातलेले कपडे जसे १०० अंशाची वाट बघत नाहीत तसंच.

उलट बाजूनेही तेच. वाण्याच्या दुकानातल्या बरणीत नवसागर ३० अंशाला आहे, तिथेही फुटणं *शून्य* नाहीये. हिशोब केला तर दोन्ही वायूंचा दाब बारच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास येतो. म्हणून बरणी वर्षानुवर्षं टिकते. व्यवहारात याला आपण "होत नाही" म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण मनात ठेवायचं की हा उतार आहे, भिंत नाही.

आता आमच्या प्लांटचं. नायट्रोजन अधिक तीन हायड्रोजन, दोन अमोनिया. चार मोल वायूचे दोन होतात, एन्ट्रॉपी १९८ ने घटते, उष्णता ९२ किलोज्यूल बाहेर पडते. ९२००० भागिले १९८, म्हणजे ४६५ केल्विन, १९०-१९२ अंश. त्याच्या वर डेल्टा जी पॉझिटिव्ह. आणि आमचा कन्व्हर्टर चालायचा ४०० ते ५०० अंशाला! कागदावर बघाल तर चुकीच्या बाजूला उभा असलेला कारखाना. कारण काय, तर १९० ला लोखंडाचा कॅटॅलिस्ट (वेग वाढवणारा पदार्थ) झोपलेला असतो, नायट्रोजनचा तिहेरी बंध तुटतच नाही, समतोल कितीही अनुकूल असू दे. म्हणून तापमान चढवायचं, त्यात समतोल बिघडतो तो दाबाने सावरायचा, दीडशे-दोनशे वातावरण, आणि एका फेरीत पंधराएक टक्केच अमोनिया होतो तो गार करून काढून घ्यायचा, उरलेला वायू परत आत. काढून घ्यायचा हे महत्त्वाचं, चाचांचा पंखा तेच करतोय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये टेबलावर करून दाखवलं, बॉशने १९१३ ला जर्मनीतच ओपाऊला कारखाना उभा केला. पॉझिटिव्ह डेल्टा जी बघून कुणी "होणार नाही" म्हणून सोडून दिलं असतं तर आज जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येला अन्न पुरलं नसतं.

खडू_फळा

तिसरी_पाळी, नमस्कार करतो तुम्हाला. प्लांटवरच्या माणसाकडून हे ऐकणं वेगळं. प्रश्नांकित, परीक्षेत पुस्तकातलं वाक्य लिही पण "प्रमाण परिस्थितीत" हे दोन शब्द जोडायला विसरू नकोस, त्या दोन शब्दांत सगळं आहे.

गडवाट

मला केमिस्ट्री बारावीनंतर सुटली पण हे वाचून एक आठवलं ते टाकतो, चुकलं तर सांगा. गडांवर चुन्याची घाणी दिसतात ना, गोल दगडी चर आणि मोठं जातं, बैल लावून चुना मळायचे. त्याआधी चुनखडी भट्टीत भाजायची. कोकणात शिंपले भाजायचे. तर हे भाजणं म्हणजे पण हेच का? म्हणजे दगड फुटून वायू निघतो तेच ना.

खडू_फळा

अगदी तेच! आणि उदाहरण इतकं चांगलं आहे की त्यावर थोडं थांबतो.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भाजली की चुनकळी आणि कार्बन डायऑक्साईड. डेल्टा एच +१७८, म्हणजे नवसागराइतकंच जवळपास. पण एन्ट्रॉपी बघा, +१६१ फक्त. का? कारण इथे एकच मोल वायू निघतो, नवसागरात दोन. म्हणून काटा समान व्हायला १७८००० भागिले १६१, सुमारे ११०६ केल्विन, ८३३ अंश लागतात. उष्णता जवळपास तेवढीच, वायू निम्मा, म्हणून नवसागराला कोळशाच्या छोट्या शेगडीवर जे जमतं त्याला चुनखडीला भट्टी लागते. (प्रत्यक्षात एक वातावरण दाब यायला ९०० च्या आसपास जावं लागतं, कारण दोन्ही आकडे २५ अंशाचे आहेत आणि इतक्या वर गेल्यावर ते थोडे बदलतात. पण बारावीच्या आकडेमोडीने इतकं जवळ पोचता येतं हेच मला नेहमी थोर वाटतं.)

भट्टीला खालून वारा का ठेवतात? इंधन जळायला तर हवाच, शिवाय कार्बन डायऑक्साईड वाहून न्यायला. पुन्हा चाचांचा पंखा.

आणि परतीचा प्रवास. चुनकळी पाण्यात विरवली, मळली, गडाच्या भिंतीत भरली. आता तापमान ३० अंश. तिथे काटा पूर्ण उलटा, चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेऊन परत दगड होतो. हवेत तो वायू फक्त ०.०४ टक्के आहे तरीही. नवसागराचा धूर वीतभर अंतरात आणि क्षणात परततो, चुना तेच करतो पण जाड भिंतीच्या आतपर्यंत जायला वर्षंच्या वर्षं घेतो.

गडवाट

आता घाणीजवळ उभा राहिलो की हेच डोक्यात येणार. धन्यवाद सर.

उत्तरेकडून

बऱ्याच वर्षांनी इथे प्रतिसाद देतेय. मी फिनलंडमध्ये असते, मटेरियल्सचं काम करते. कल्हईचा विषय बघून राहवलं नाही कारण माझ्याकडे आजीचा एक कल्हई केलेला डबा आहे जो मी बॅगेतून इथवर आणला.

सगळे नवसागराबद्दल बोलताय, मी कथिलाबद्दल लिहिते. कथिलाची दोन रूपं आहेत, आपण बघतो ते चकचकीत पांढरं आणि दुसरं राखाडी, ठिसूळ. १३ अंशाच्या वर पांढरं स्थिर, १३ च्या खाली राखाडी स्थिर. इथेही तोच काटा: राखाडीत अणू एकमेकांना जास्त पक्के बांधलेले, म्हणजे उष्णता बाहेर पडते, पण पांढऱ्याची एन्ट्रॉपी जास्त. फरक दोन्हीकडे अगदी छोटा, उष्णता मोलमागे दोन किलोज्यूलच, म्हणून काटा १३ अंशासारख्या रोजच्या तापमानाला फिरतो.

आता प्रश्न असा की नाशिकला, महाबळेश्वरला थंडीत पारा ८-१० वर येतो. सूत्राप्रमाणे कल्हई राखाडी होऊन झडायला हवी. डेल्टा जी निगेटिव्ह आहे, फिजिबल आहे. कधी झडलेली पाहिलीत का? नाही. कारण डेल्टा जी फक्त दिशा सांगतो, वेग सांगत नाही. १३ च्या जरासं खाली ओढ नाममात्र असते आणि अणूंना जागा बदलायला जोर पुरत नाही. वेग सगळ्यात जास्त असतो उणे ३०-४० अंशाच्या आसपास, तिथे मात्र खरंच होतं, आणि राखाडी रूप पांढऱ्यापेक्षा पावपटीहून जास्त फुगतं त्यामुळे वस्तू आपोआप भुगा होते. उत्तर युरोपातल्या थंड चर्चमध्ये ऑर्गनच्या कथिलाच्या नळ्यांवर हे पूर्वी दिसायचं. नेपोलियनच्या सैन्याची बटणं रशियात अशी झडली ही गोष्ट सगळीकडे सांगतात पण तिला पक्का पुरावा नाही, म्हणून मुलांना सांगताना ती तथ्य म्हणून सांगू नका असं मला वाटतं.

माझा डबा घरात २१ अंशात असतो, मजेत आहे. त्यात मेतकूट ठेवते.

प्रश्नांकित

म्हणजे तीन गोष्टी झाल्या का. उष्णता, एन्ट्रॉपी गुणिले तापमान, आणि वेग वेगळाच. पण मग आधी लोकांना असं का वाटायचं की उष्णता बाहेर पडली तरच रिअ‍ॅक्शन होते? मला पण सुरुवातीला तसंच वाटायचं, उष्माग्राही (उष्णता आत घेणारी) म्हणजे जबरदस्तीने करावी लागणारी.

खडू_फळा

तुझ्यासारखंच मोठमोठ्या लोकांना वाटायचं. १९व्या शतकात डेन्मार्कचे थॉमसेन आणि फ्रान्सचे बर्थेलो यांनी हेच तत्त्व म्हणून मांडलं होतं, जास्तीत जास्त उष्णता जिकडे बाहेर पडेल तिकडे रिअ‍ॅक्शन जाते. क्लॉझियसने एन्ट्रॉपी हा शब्द १८६५ मध्ये दिला होता, पण रसायनाच्या लोकांपर्यंत तो विचार नीट पोचायला वेळ लागला. आणि ते तत्त्व पूर्ण वेडगळ नव्हतं हेही लक्षात घे. साध्या तापमानाला टी लहान, त्यामुळे टी डेल्टा एस पेक्षा डेल्टा एच बहुतेक वेळा भारी पडतो, म्हणून त्यांना दिसलेली बहुतेक उदाहरणं बरोबरच निघाली. अडचण अपवादांची होती. आणि एक अपवाद तुझ्या गल्लीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नवसागर आण, पाण्यात टाक, हात लावून बघ.

(घरातल्या स्वयंपाकाचं भांडं वापरू नकोस, ते पाणी पिऊ नकोस, आणि घरात बंद खोलीत नवसागर *तापवू* तर अजिबात नकोस, तो वायू घशाला आणि डोळ्यांना फार वाईट. पाण्यात विरघळवणं चालेल.)

माजघर

सर आम्ही आत्ताच केलं!! ५० ग्रॅम नवसागर, २०० मिली पाणी, प्लास्टिकच्या जुन्या डब्यात. पाणी २८ अंश होतं, ढवळल्यावर दीडएक मिनिटात १५ वर आलं. डब्याला बाहेरून घाम फुटला. मुलगी आजीला बोलावून आणून हात लावायला लावत होती. कुणी जबरदस्ती केली नाही, ढवळलं फक्त, आणि उष्णता आत ओढून घेत विरघळलं.

तिने हिशोब पण केला, यावेळी युनिट नीट. डेल्टा एच +१५ किलोज्यूल, डेल्टा एस +७५ ज्यूल, २९८ ला टी डेल्टा एस २२ किलोज्यूल, डेल्टा जी उणे ७. म्हणजे इथे परिसराचं नुकसान आहे, पाणी गार पडलं, पण आयन मोकळे झाले त्याचा फायदा जास्त.

उत्तरेकडून

किती छान! अकबराच्या काळात सोऱ्याने (पोटॅशियम नायट्रेटने) पाणी गार करायचे ते हेच, सोऱ्याला तर मोलमागे ३५ किलोज्यूल लागतात. दुखापतीवर लावायची जी झटपट गार होणारी पिशवी मिळते त्यात बहुतेक वेळा अमोनियम नायट्रेट किंवा युरिया असतो.

तिसरी_पाळी

एक राहिलं. कथील खनिजातून काढतात ते पण एन्ट्रॉपीनेच. खनिज म्हणजे टिन डायऑक्साईड, कोळशाबरोबर तापवायचं, कथील आणि दोन कार्बन मोनॉक्साईड. डेल्टा एच +३६० च्या आसपास, भयंकर उष्माग्राही, पण दोन मोल वायू निघतो, डेल्टा एस +३८५ च्या घरात. काटा साधारण ६५० अंशाला फिरतो, कोळशाच्या भट्टीत सहज मिळणारं तापमान, म्हणून कथील माणसाला इतक्या जुन्या काळापासून माहीत आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हेच करायला जाल तर २००० अंशाच्या पुढे जावं लागतं, म्हणून ते १९व्या शतकापर्यंत थांबलं आणि शेवटी विजेने काढावं लागलं. माझ्या मते बारावीला एलिंगहॅमचा आलेख (तापमानाप्रमाणे ऑक्साईडांचा डेल्टा जी कसा बदलतो ते दाखवणारा) शिकवताना नुसत्या रेषा न काढता आधी कार्बनची रेष खाली का जाते हे सांगावं, घनातून वायू निघतो म्हणून, की संपलं.

प्रश्नांकित

हे आमच्या सरांनी सांगितलंच नव्हतं, रेषा पाठ करायला सांगितल्या. आज कळलं. सगळ्यांना थँक्यू, मी हा धागा क्लासच्या ग्रुपवर टाकतोय.

माजघर

शेवटचं अपडेट. मुलीने कॉलेजच्या लॅबमध्ये मॅडमना विचारून परीक्षानळीत नवसागर तापवला, फ्यूम कबर्डमध्ये (वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात). मध्ये काचेच्या लोकरीचा बोळा आणि वर ओले लिटमस. आधी लाल लिटमस निळा झाला आणि थोड्या वेळाने निळा लाल झाला, कारण अमोनिया हलका, रेणूभार १७, तो हायड्रोजन क्लोराईडच्या (रेणूभार ३६.५) आधी पोचतो. आणि नळीच्या तोंडाजवळ गार भागात पांढरं कडं जमलं. मधल्या भागात काच स्वच्छ होती, तिथून दोन्ही वायू जात होते पण दिसत काही नव्हतं. तिने फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं होतं, "इथे उजवीकडे, इथे डावीकडे."

आणि काल परात राहिली होती म्हणून चाचांकडे परत गेलो. तिने त्यांना विचारलं की नवसागर कधी टाकायचा हे कसं कळतं. ते म्हणाले, बेटा, भांडं कमी तापलं तर नवसागर तसाच पडून राहतो, मळ सुटत नाही, जास्त तापलं तर टाकल्या टाकल्या सगळा उडून जातो, भांड्याला लागतच नाही, नुसता धूर, पैसे वाया. मधलं पाहिजे. मग त्यांनी परातीवर चिमूट टाकली, धूर आला, आणि तिच्याकडे बघून म्हणाले, हं, आता घास. तिने घासलं. परात आतून थोडी कमी-जास्त चकाकतेय, पण सासूबाईंनी आज त्यातच कणीक मळली.